‘स्कॅव्हेंजर्स रेन’ या मालिकेतील वेस्टा ग्रहाला शत्रू म्हणावे का?

टेकडीपलीकडे (प्रश्नकर्ता)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीत एक वाचनकट्टा चालतो आणि त्याला जोडून अधूनमधून एखादा चित्रपट किंवा मालिकेचे काही भाग एकत्र पाहून त्यावर चर्चा करण्याचा प्रघात पडला आहे. सभासदांत निवृत्त मंडळी अधिक, दोन-तीन महाविद्यालयीन विद्यार्थी आणि माझ्यासारखे मधल्या वयाचे काही जण. या वेळी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून 2023 सालची ‘स्कॅव्हेंजर्स रेन’ ही प्रौढांसाठीची ॲनिमेशन मालिका निवडण्यात आली. ‘कार्टून आणि तेही आपल्यासाठी?’ असा सूर अपेक्षेप्रमाणे उमटलाच, परंतु पहिले तीन भाग पाहून झाल्यावर जो वाद झाला तो ॲनिमेशनवरून नव्हता, म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथेची केवळ रूपरेषा देतो. डेमीटर 227 हे मालवाहू अंतराळयान प्रवासात निकामी होते आणि त्यातील काही माणसे सुटकेच्या कुप्यांमधून वेस्टा नावाच्या ग्रहावर वेगवेगळ्या ठिकाणी येऊन पडतात. सॅम आणि उर्सुला हे दोघे एकत्र आहेत, आझीच्या सोबतीला लीव्हाय नावाचा रोबो आहे आणि कामेन हा गृहस्थ आपल्या कुपीतच अडकून एकटा पडलेला आहे. यान अजून वर कक्षेत फिरत आहे, ते खाली आणता आले तर परतीची वाट मोकळी होईल, एवढ्या आशेवर बाराही भागांचे कथानक उभे आहे. प्रत्यक्षात मात्र पडद्यावरचा बराचसा वेळ माणसांना नव्हे, त्या ग्रहावरील प्राणी, वनस्पती आणि या दोहोंपैकी नेमके काय म्हणावे ते सांगता येणार नाही अशा असंख्य जीवांना मिळतो.

आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की ही मालिका किळसवाणी आणि निष्कारण क्रूर आहे. जिकडे पाहावे तिकडे कोणीतरी कोणाच्या तरी अंगात शिरत आहे, कोणीतरी कोणाला तरी आतून पोखरत आहे, आणि निसर्ग असा नसतो. विद्यार्थ्यांचे म्हणणे अगदी उलट, की निसर्ग असाच असतो, आपण तो टेकडीवर सकाळी फिरायला जाण्यापुरता पाहतो म्हणून आपल्याला तो सोज्वळ वाटतो. मी स्वतः वाणिज्य शाखेचा असल्यामुळे निवाडा करण्याच्या फंदात पडलो नाही. जाणकारांनी कृपया दोन गोष्टींवर लिहावे. या मालिकेतील जीवशास्त्राला पृथ्वीवरील खऱ्या उदाहरणांचा कितपत आधार आहे, आणि कथेच्या दृष्टीने वेस्टा हा ग्रह खलनायक आहे असे म्हणता येईल का? उरलेले भाग आम्हांला अजून पाहायचे आहेत, तेव्हा शेवटाकडील घटना उघड करू नयेत ही विनंती.

उंबरातली माशी

तुमच्या ज्येष्ठ सभासदांना माझा सविनय निरोप सांगा, की ‘निसर्ग असा नसतो’ हे विधान करण्यापूर्वी त्यांनी एखादे पिकलेले उंबर फोडून पाहावे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांना परजीवनाची ओळख करून देण्यासाठी मला सातासमुद्रापलीकडील उदाहरणे कधी शोधावी लागली नाहीत.

उंबराचे फळ म्हणून आपण जे ओळखतो ती मुळात आतल्या बाजूस फुललेल्या शेकडो बारीक फुलांची बंद कुपी असते. तिच्या टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, आणि ते छिद्र इतके चिंचोळे असते की शिरताना बहुधा तिचे पंख तुटून जातात. आपल्यासोबत आणलेले पराग ती आतील फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिच्या संततीतील नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीतून बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि बहुतेक जण तेवढ्यातच आयुष्य संपवतात. माद्या त्या वाटेने, अंगावर ताजे पराग घेऊन, दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. झाडाला माशीवाचून बी धरता येत नाही आणि माशीला झाडावाचून वंश चालवता येत नाही. मालिकेत उर्सुला एका प्रचंड सजीव भिंतीच्या आत जे पाहते, त्या प्रसंगी मला सतत उंबर आठवत होते. एका जीवाचे अख्खे आयुष्य दुसऱ्याच्या जीवनचक्रातील एका पायरीपुरते असणे यात क्रौर्य शोधू लागलो तर दत्ताच्या देवळासमोरील प्रत्येक औदुंबराखाली शोकसभा भरवावी लागेल.

आता ‘अंगात शिरण्या’विषयी. सॅक्युलिना नावाचा एक जीव आहे. कुळाने तो खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी सागरी जीवांचा भाऊबंद, परंतु वागण्यात त्यांच्याशी काडीचेही साम्य नाही. त्याची मादी डिंभावस्थेत खेकड्याच्या शरीरात प्रवेश करते आणि झाडाच्या मुळांसारखे तंतू खेकड्याच्या साऱ्या देहभर पसरवते. खेकडा जिवंत राहतो, खातो, हिंडतो, परंतु त्याची प्रजननक्षमता संपते आणि मादी खेकडा जेथे आपली अंडी बाळगते नेमक्या त्याच जागी पोटाखाली परजीवीची पिशवी बाहेर येते. खेकडी तिची निगा आपलीच अंडी समजून राखते. याहून विलक्षण भाग असा की नर खेकड्याला ही बाधा झाली तर त्याचे पोट मादीसारखे रुंद होते आणि तोही त्या पिशवीला मायेने वारा घालू लागतो. मालिकेच्या लेखकांनी हे जसेच्या तसे दाखवले असते तर तुमच्या सभासदांनी ‘काहीच्या काही’ म्हणून टीव्ही बंद केला असता.

मुंग्यांना झपाटणारी ओफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. बाधा झालेली मुंगी वारूळ सोडते, ठरावीक उंचीवर जाऊन पानाच्या शिरेला जबडा रोवते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ उगवतो. 2017 साली पेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळे विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. म्हणजे मुंगीचे हातपाय दुसऱ्याच्या ताब्यात जातात आणि मेंदू जागच्या जागी राहतो. मला तर हे वेस्टावरील कोणत्याही दृश्यापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

आपल्याकडे याच विषयाची एक जुनी आणि फार गोड समजूत आहे. कुंभारीण माशी मातीचे घर करते, त्यात अळी आणून ठेवते, घर लिंपून टाकते आणि काही दिवसांनी त्यातून माशी बाहेर पडते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. निरीक्षण चोख होते. त्यांनी अर्थ असा लावला की माशीच्या भयाने किंवा ध्यासाने अळी स्वतःच माशी होते, आणि संतसाहित्यात कीटक-भृंगीचा हा दृष्टान्त भक्त भगवंतस्वरूप होतो हे सांगण्यासाठी वारंवार आला. प्रत्यक्षात माशीने डंख मारून ती अळी केवळ लुळी केलेली असते, मेलेली नसते, आणि माशीचे पिल्लू तिला ताजी असतानाच खाऊन वाढते. दृष्टान्ताचे मोल त्यामुळे उणे होत नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की निसर्गात जे चालते त्याला आपण चांगुलपणाचा मुलामा देतो आणि तो मुलामा न दिलेले काही पडद्यावर दिसले की ते आपल्याला क्रूर वाटते. या मालिकेने मुलामा दिलेला नाही.

शंकासुर

वरील प्रतिसाद मी आनंदाने वाचला, परंतु त्यातील प्रत्येक उदाहरणात एक गोष्ट समान आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. उंबर आणि त्याची माशी, खेकडा आणि सॅक्युलिना, मुंगी आणि बुरशी या साऱ्या जोड्या कोट्यवधी वर्षे एकमेकांच्या सान्निध्यात घडल्या आहेत. परजीवी म्हणजे एका विशिष्ट कुलपासाठी घासून घासून बनवलेली किल्ली असते. इतकी विशिष्ट, की एका जातीच्या मुंगीला झपाटणारी बुरशी शेजारच्या दुसऱ्या जातीच्या मुंगीवर बहुधा निष्प्रभ ठरते. मग ज्या ग्रहावर माणूस नावाचा प्राणी कधी पाऊलच टाकून गेला नाही, तेथील परजीवीला सॅमच्या शरीराची कुलपे पहिल्याच भेटीत कशी उघडता आली?

रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा आक्षेप याहूनही मूलभूत आहे. काही रेणूंची डाव्या आणि उजव्या हातांसारखी, एकमेकांची प्रतिबिंबे असलेली दोन रूपे असतात. पृथ्वीवरील सर्व सजीवांची प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांपासून बनतात, तर आपल्या शर्करा उजव्या घडणीच्या असतात. ही निवड जीवसृष्टीच्या आरंभी का झाली यावर अजून वाद आहे. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे 1969 साली पडलेल्या उल्केत काही अमिनो आम्लांचे डावे रूप किंचित अधिक प्रमाणात सापडले, त्यामुळे हा कल जीवसृष्टीच्याही आधीचा, अंतराळातून आलेला असावा असे म्हणणारा एक पक्ष आहे. परंतु वेस्टावरील जीवन उलट्या घडणीचे असेल, किंवा त्याचे आनुवंशिक रेणू आपल्या डीएनएहून सर्वस्वी निराळे असतील, तर तेथील जंतूला माणूस आणि दगड यांत फारसा फरक जाणवू नये. त्याच न्यायाने तेथील फळ खाऊन माणसाचे पोट भरल्यासारखे वाटेल, पोषण मात्र होणार नाही.

गमतीचा भाग असा की याच कसोटीवर मालिकेतील जी गोष्ट सर्वांना अशक्य वाटते ती मला सर्वांत शक्य वाटते. लीव्हायच्या यंत्रणेत ग्रहावरील बुरशीसारखे काहीतरी वाढू लागते आणि त्याच्या वागण्यात हळूहळू बदल होत जातो. बुरशीला एखाद्या पृष्ठभागावर पसरण्यासाठी त्या पृष्ठभागाशी जीवशास्त्रीय नाते असावे लागत नाही. तिला ओल, थोडी ऊब आणि कोपरा पुरतो. पुण्यात ज्याच्याकडे कॅमेरा आहे आणि जो पावसाळ्यात भिंगे कपाटात ठेवून विसरतो त्याला हे निराळे सांगायला नको. रशियाच्या मीर अंतराळस्थानकात तर खिडक्यांच्या काचांवर आणि विद्युत उपकरणांच्या फळ्यांमागे बुरशी माजल्याच्या नोंदी आहेत. अर्थात बुरशीमुळे यंत्र बंद पडणे आणि बुरशीमुळे यंत्राला जाणीव फुटणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मालिकेने उडी मारून पार केले आहे. ती उडी मला मान्य आहे. विज्ञानकथेला एवढी मोकळीक असावीच. सॅमच्या बाबतीत मात्र उडी नाही, सरळ गफलत आहे.

कुंचला

मी ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करते, म्हणून जीवशास्त्राच्या वादात न शिरता, हे सारे इतके खरे का वाटते याबद्दल लिहिते. कारण माझ्या मते शंकासुर यांचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्य असूनही प्रेक्षकाला मालिका पाहताना तो सुचत नाही, आणि त्याचे श्रेय चित्रणपद्धतीला द्यावे लागते.

या मालिकेचे मूळ 2016 सालच्या एका लघुपटात आहे. जोसेफ बेनेट आणि चार्ल्स ह्युट्नर यांनी तो अमेरिकेतील ॲडल्ट स्विम वाहिनीसाठी केला होता. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. परग्रहावर अडकलेली दोन माणसे एका प्राण्याचा उपयोग दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी, दुसऱ्याचा तिसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी अशी साखळी रचत जातात आणि तिच्या शेवटी त्यांना घराची आठवण क्षणभर जगता येते. कोणता प्राणी काय करतो, त्यांना हे ज्ञान कसे झाले, त्यासाठी किती चुका झाल्या असतील, यांतले काहीही कोणी सांगत नाही. हात सराईतपणे चालतात, त्यावरून आपण ओळखतो की ही माणसे येथे बराच काळ आहेत. मालिका काढताना बारा भागांचा ऐसपैस अवकाश मिळूनही त्यांनी ही शिस्त मोडली नाही. दुसऱ्या एखाद्या मालिकेत उर्सुलाने प्रत्येक वनस्पतीपाशी थांबून तिचे गुणधर्म सॅमला, म्हणजे पर्यायाने आपल्याला, समजावून सांगितले असते. येथे ती नुसती थांबते आणि पाहते. उर्सुलाला आवाज देणाऱ्या भारतीय वंशाच्या अभिनेत्री सुनीता मणी यांनी हे पाहणे श्वासांतून आणि अर्ध्या सोडलेल्या वाक्यांतून कसे पोहोचवले आहे, ते पुढच्या वेळी मुद्दाम ऐका.

दुसरी बाब रेषेची. आकृतीभोवती सारख्या जाडीची स्वच्छ रेषा, आत सपाट रंग, छायेचा मोजका वापर, ही शैली पाहणाऱ्याला फ्रेंच चित्रकथाकार मोबियस यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. भीती दाखवायची तर अंधार, धूर आणि अचानक पुढ्यात येणारा जबडा ही सोपी वाट असते. येथे भयंकर गोष्टी बहुतेक वेळा स्वच्छ उजेडात, मध्यम अंतरावरून आणि न घाईने घडतात, प्राणिशास्त्राच्या जुन्या ग्रंथातील रंगीत चित्रपट्टीसारख्या. म्हणून तुमच्या ज्येष्ठ सभासदांना किळस आली असावी. अंधारात दडवलेल्या गोष्टीचे भय वाटते आणि उजेडात ठेवलेल्या गोष्टीची किळस येते. तसेच, माणसांवर संकट आले की ‘कॅमेरा’ जितका जवळ जातो तितकाच तो एखादा किडा दुसऱ्या किड्याला गिळत असतानाही जातो. कोणाचा मृत्यू महत्त्वाचा आणि कोणाचा नाही, हे चौकट ठरवत नाही. खलनायक उभा करायचा असेल तर चौकटीला पक्ष घ्यावा लागतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

जाता जाता व्यवसायातली एक खंत. मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने आपली ही मालिका 2024 च्या मे महिन्यात एका पर्वानंतरच थांबवली, नेटफ्लिक्सने ती आपल्याकडे दाखवायला घेतली, परंतु दुसऱ्या पर्वाला त्यांनीही होकार दिला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील एमी या दूरचित्रवाणी पुरस्कारांच्या उत्कृष्ट ॲनिमेशन मालिकेच्या नामांकनांत तिचे नाव होते. प्रौढांसाठीचे ॲनिमेशन म्हटले की विनोद आणि शिवीगाळ एवढेच ज्यांना सुचते त्यांच्या बाजारात असे काम एकदा होऊ शकले हेही नसे थोडके.

मुठाकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे. मालिका पक्ष घेत नाही हे सॅम, उर्सुला आणि आझी यांच्या धाग्यांपुरते खरे आहे, कामेनच्या नाही. हॉलो हा प्राणी कामेनच्या मनाचा ताबा घेतो, त्याच्याकडून शिकार करवून घेतो आणि खाऊन खाऊन अवाढव्य होत जातो. कामेनने यापूर्वी काय केले होते हे जसजसे उलगडते तसतशी ही त्याच्या कर्माची फळे आहेत असे सुचवले जाते. पाप, पश्चात्ताप आणि मानगुटीवर बसलेले भूत, ही तर आपल्या नीतिकथांचीच मांडणी झाली. इतर ठिकाणी मुलामा नाकारणारी मालिका येथे मात्र तो देते आणि मला तेच तिचे सर्वांत कच्चे अंग वाटते.

उंबरातली माशी

मुठाकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो मान्य करूनही हॉलोकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी सुचवतो. कामेन भेटण्याआधी हॉलो कसा जगतो ते आठवा. आसपासच्या लहान प्राण्यांना भारून तो त्यांच्याकडून फळे आणवून घेतो आणि स्वस्थ बसून खातो. त्या अवस्थेत तो कोणाचे फारसे वाकडे करताना दिसत नाही. त्या लहान प्राण्यांची ताकद बेताची, त्यामुळे त्यांच्या श्रमांवर पोसला जाणारा हॉलोही बेताचाच राहतो. मग त्या जंगलात एक असा प्राणी आकाशातून पडतो, जो उंच आहे, ज्याला हात आहेत, जो हत्यार करू शकतो आणि ज्याच्या मनात अपराधाची एवढी मोठी पोकळी आहे की तिच्यात कोणालाही सहज शिरता यावे. हॉलोची भूक बदललेली नाही, ती भागवणारा हात बदलला. पुढचा सारा विध्वंस त्यातून येतो.

पुणेकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. तेथे त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या वनस्पती आहेत, त्यामुळे ते आपल्या पायरीने राहते. भारतात त्याचा उपद्रव पहिल्यांदा ठळकपणे नोंदला गेला तो 1950च्या दशकात आपल्या पुण्यातच, आणि आज देशातील असा जिल्हा शोधावा लागेल जेथे रस्त्याच्या कडेला, पडीक रानात किंवा बांधकाम रखडलेल्या भूखंडावर ते नाही. त्याला आवर घालण्यासाठी 1980च्या दशकात मेक्सिकोतून त्याचा भक्षक भुंगेरा मुद्दाम आणून सोडावा लागला. गाजरगवत दुष्ट नाही. ते येथे यायला नको होते, एवढेच.

या अंगाने पाहिले तर प्रश्नकर्त्यांचा दुसरा प्रश्न उलटा करून विचारावा लागतो. वेस्टावर परकी जात कोणती? सुटकेच्या कुपीतून येणारी, तेथील एकाही जीवाशी जिचा लाखो वर्षांचा व्यवहार झालेला नाही, जिच्या भुकेला आणि युक्तीला तेथे लगाम नाही, अशी जात माणसाची आहे. सॅम आणि उर्सुला प्राण्यांचा मुखवट्यासारखा, दिव्यासारखा, दोरासारखा वापर करतात तेव्हा आपल्याला त्यांच्या कल्पकतेचे कौतुक वाटते. त्याच वेळी हॉलो कामेनचा हातासारखा वापर करतो आणि आपण त्याला राक्षस म्हणतो. दोन्ही प्रसंग एकाच मालिकेत शेजारी शेजारी ठेवले आहेत, ते योगायोगाने ठेवले असतील असे मला वाटत नाही. कामेनच्या कर्माची गोष्ट कामेनपुरती खरी आहे, कारण आपला दोष तो स्वतःच्या नजरेने पाहतो. हॉलोला त्या दोषाशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त दार उघडे सापडले.

शंकासुर

ही मांडणी मला पटते, कारण ती माझ्या रसायनशास्त्रीय आक्षेपातून सहीसलामत सुटते. हॉलो कामेनला खात नाही, कामेनने मारलेले वेस्टावरचेच प्राणी खातो. म्हणजे हॉलोच्या आहाराचे रेणू त्याच्या सवयीचेच राहतात आणि माणूस मधल्या मध्ये केवळ श्रम पुरवतो. किल्ली-कुलपाची अडचण तेथे येत नाही. मनावर ताबा मिळवण्याची जी काही युक्ती आहे तिच्याबद्दल मी मौन पाळतो.

परंतु मग एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो उंबरातली माशी यांनी सोडवावा. इतके दिवस शिकार करत हिंडणारा कामेन स्वतः काय पचवून जगतो? आझी काय पचवते? यानातील डबाबंद अन्न सर्वांना एवढे पुरलेले दाखवलेले नाही. वेस्टावरील अन्न माणसाला लागू पडते असे मानले तर तेथील जीवन आपल्याच घडणीचे आहे असे मानावे लागते, आणि एकदा ते मानले की सॅमच्या परजीवीलाही मोकळीक द्यावी लागते. एक तर दोन्ही घ्या, नाही तर दोन्ही सोडा.

उंबरातली माशी

दोन्ही घेतो. जीवन दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उपजले तरी कार्बन, पाणी आणि उल्कांमधून सर्वत्र विखुरलेली तीच अमिनो आम्ले यांच्याच कच्च्या मालावर ते उभे राहिले असेल, ही शक्यता तुम्ही स्वतः मर्चिसनचा उल्लेख करून उघडी ठेवली आहे. घडण सारखी असेल तर अन्न पचेल. परजीवीच्या बाबतीत एवढेच म्हणतो की सगळे परजीवी एकनिष्ठ नसतात. टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्मजीव आपले लैंगिक पुनरुत्पादन मांजराच्या कुळातच करतो, परंतु मधल्या काळात तो उंदीर, पक्षी, मेंढ्या आणि माणूस यांतल्या कोणाच्याही पेशींत मुक्काम करू शकतो. वेस्टावरचा परजीवी त्या जातकुळीचा समजा.

शंकासुर

टॉक्सोप्लाझ्माने फिरवलेली ही सारी बिऱ्हाडे एकाच पृथ्वीवरची, एकाच पूर्वजाची आहेत. उत्तर चतुर आहे, पुरेसे नाही.

टेकडीपलीकडे (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. उंबर आणि गाजरगवत हे दोन मुद्दे मी कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे, शंकासुर यांच्या आक्षेपासह. ज्येष्ठ सभासदांना मी फोनवर कुंभारीण माशीबद्दल सांगितले. त्यावर ते म्हणाले की दृष्टान्त त्यांना पाठ आहे, परंतु अळी जिवंत असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि आता ते पुढील भाग पाहायला येणार आहेत, ‘पण जेवण उरकून नव्हे, जेवणाआधी’. त्यामुळे वेळ सायंकाळी पाचची ठेवली आहे.

कुंचला यांना एक व्यावहारिक प्रश्न. काही सभासदांना अमेरिकन उच्चार नीट कळत नाहीत. इंग्रजी उपशीर्षके लावली तर चित्राकडे दुर्लक्ष होते असे विद्यार्थ्यांचे म्हणणे आहे. तुमचा सल्ला काय?

कुंचला

उपशीर्षके लावू नका. सॅम आणि उर्सुला यांच्या संभाषणाचा गोषवारा प्रत्येक भागाआधी एखाद्या विद्यार्थ्याने मराठीत दोन मिनिटांत सांगावा, कामेनच्या आठवणींचे प्रसंग आले की हवे तर मध्ये थांबवून समजावून द्यावे, कारण तेथे शब्दांवर बरेच अवलंबून आहे. उरलेल्या भागात प्राण्यांचे आवाज, पाणी आणि वारा यांचीच ध्वनिरचना अधिक आहे, म्हणून टीव्हीचे स्वतःचे स्पीकर न वापरता सोसायटीच्या गणपतीचे चांगले स्पीकर मिळाले तर ते जोडा. आणि जमल्यास 2016 चा लघुपट आधी दाखवा. काही मिनिटांचाच आहे, आणि त्यात समजून घ्यावे लागेल असे संभाषण जवळजवळ नाही, त्यामुळे उच्चारांची अडचण कोणालाच येणार नाही.